पिनबॉल: जुनी पेटी, नवी वीज

नाणे टाकून खेळायच्या यंत्रांच्या इतिहासात पिनबॉलचे स्थान वेगळे आहे. व्हिडिओ गेमच्या कितीतरी आधी जन्मलेले आणि त्याच्या लाटेतूनही तगून राहिलेले हे यंत्र लाकूड, काच, पोलाद, रबर आणि तांब्याची तार यांनी घडलेले असते; त्यातला चेंडू म्हणजे सुमारे ८० ग्रॅम वजनाची आणि २७ मिलिमीटर व्यासाची खरीखुरी पोलादी गोळी असते, आणि म्हणूनच हे यंत्र झिजते, गंजते, प्रसंगी जळतेही. गेल्या दोन-तीन दशकांत अमेरिकेत आणि युरोपात अशी जुनी यंत्रे शोधून, त्यांत नवी इलेक्ट्रॉनिक मंडले, एलईडी दिवे आणि नवा ध्वनी बसवून ती पुन्हा चालती करण्याचे काम फार वाढले, आणि हे यंत्राचे रक्षण की त्याचा नाश, असा वादही त्याबरोबर सुरू झाला. या वादाचा निवाडा यंत्राचा इतिहास बाजूला ठेवून करता येत नाही, कारण जुन्या पेटीत नवे तंत्र भरणे ही या धंद्याची अगदी आरंभापासूनची रीत आहे, आणि त्या रीतीमुळे काय गमावले गेले, हेही त्याच इतिहासात दिसते.

पिनबॉलचे मूळ अठराव्या शतकातील फ्रान्समधल्या बॅगाटेल या खेळात सापडते. बिलियर्ड्सचे मेज अरुंद करायचे, त्याच्या एका टोकाला खिळे ठोकून खळगे करायचे आणि काठीने चेंडू ढकलून तो हव्या त्या खळग्यात पाडायचा, असे त्याचे साधे रूप होते. मराठी घरांत मे महिन्याच्या सुट्टीत कॅरमच्या जोडीने खिळे ठोकलेला आणि गोळ्या उडवण्याचा जो लाकडी फळा बाहेर निघत असे, तो याच कुळातला. मात्र त्या फळ्यावरचा स्प्रिंगचा दांडा मूळ फ्रेंच खेळात नव्हता. इंग्लंडहून अमेरिकेत येऊन ओहायो राज्यातील सिनसिनाटी येथे स्थायिक झालेल्या मॉन्टेग्यू रेडग्रेव्ह यांनी १८७१ साली बॅगाटेलमधील सुधारणांचे पेटंट घेतले, आणि त्यात काठीच्या जागी स्प्रिंगवर चालणारा दांडा, म्हणजे पुढे ज्याला प्लंजर हे नाव पडले तो भाग, प्रथमच व्यवस्थित मांडला गेला. काठी फिरवायला जागा लागेनाशी झाल्यामुळे खेळ मेजावरून उतरून दुकानाच्या गल्ल्यावर मावेल एवढ्या पेटीत शिरला.

या पेटीचा धंदा उभा राहिला तो जागतिक मंदीच्या काळात आणि शिकागो शहरात. १९३१ साली डेव्हिड गॉटलीब यांनी साडेसतरा डॉलर किमतीचे ‘बॅफल बॉल’ बाजारात आणले. त्यात वीज नव्हती, दिवा नव्हता, खेळणाऱ्याला दांडा सोडल्यानंतर पेटी हलवण्याखेरीज काहीही करता येत नव्हते, तरीही एका सेंटमध्ये काही गोळ्या उडवायला मिळतात एवढ्यावर हातातले काम गेलेल्या माणसांनी त्याभोवती गर्दी केली. मागणी इतकी वाढली की या यंत्राचे वितरक रेमंड मोलोनी यांना पुरेशी यंत्रे मिळेनात, तेव्हा त्यांनी १९३२ साली ‘बॅलीहू’ हे स्वतःचे यंत्र काढले आणि त्याच्याच नावावरून त्यांची बॅली ही कंपनी ओळखली जाऊ लागली.

वीज या पेटीत शिरली ती फार लवकर. लॉस एंजेलिसमध्ये काम करणाऱ्या हॅरी विल्यम्स यांनी १९३३ साली ‘कॉन्टॅक्ट’ या यंत्रात कोरड्या बॅटरीवर चालणारे सोलेनॉइड बसवले. सोलेनॉइड म्हणजे तांब्याच्या तारेचे वेटोळे. त्यातून वीज वाहिली की त्याच्या पोकळीतला लोखंडी दांडा झटक्याने आत ओढला जातो, आणि त्या झटक्याने खळग्यात पडलेली गोळी पुन्हा बाहेर फेकली जाते. याच यंत्रात घंटाही वाजत असे. पेटी जास्त हलवली तर खेळ बंद पाडणारी ‘टिल्ट’ ही युक्तीही विल्यम्स यांचीच. १९३६ च्या अखेरीस बॅलीने ‘बंपर’ आणले, ज्यात स्प्रिंगच्या वेटोळ्याला गोळीचा नुसता स्पर्श झाला तरी वीजमंडल पूर्ण होऊन गुण नोंदले जात. म्हणजे बिनविजेच्या ‘बॅफल बॉल’पासून पाचच वर्षांत दिवे, घंटा, विजेचा धक्का आणि विजेची गुणनोंद हे सारे यंत्रात आले होते. ‘अस्सल’ पिनबॉल कोणते, हा प्रश्न विचारणाऱ्याने ही पाच वर्षे आधी ध्यानात घ्यावीत.

त्याच काळात या खेळावर जुगाराचा शिक्का बसला, आणि तो पूर्णपणे खोटा नव्हता, कारण जिंकणाऱ्याला पैसे देणारी यंत्रेही बाजारात होती आणि गोळीला परत वर धाडणारे फ्लिपर तेव्हा नसल्याने पेटीत कौशल्यापेक्षा नशिबाचाच भाग मोठा होता. न्यूयॉर्कचे महापौर फिओरेल्लो ला ग्वार्डिया यांनी १९४२ साली शहरात पिनबॉलवर बंदी घातली, पोलिसांनी हजारो यंत्रे जप्त केली आणि महापौरांनी घणाचे घाव घालून ती फोडल्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत छापून आली. ही बंदी उठायला १९७६ साल उजाडावे लागले. त्या वर्षी नगर परिषदेच्या सदस्यांसमोर रॉजर शार्प यांनी गोळी नेमकी कोणत्या वाटेने जाईल हे आधी सांगून प्लंजरचा एक फटका मारून दाखवला, आणि हा खेळ कौशल्याचा असल्याचे परिषदेने मान्य केले. ज्या शिकागोत ही यंत्रे तयार होत, त्या शिकागोतही ती सत्तरच्या दशकापर्यंत उघडपणे खेळता येत नसत.

पुनर्बांधणीच्या दृष्टीने पाहता याहून महत्त्वाची गोष्ट युद्धकाळात घडली. अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरल्यावर कारखाने युद्धसामग्रीकडे वळले आणि करमणुकीची नवी यंत्रे बनवणे थांबले. पण ती खेळायची हौस थांबली नव्हती. तेव्हा हॅरी विल्यम्स आणि लिन ड्यूरंट यांनी युनायटेड मॅन्युफॅक्चरिंग ही कंपनी काढून जुनी यंत्रे विकत घ्यायची, त्यांचा खेळाचा फळा आणि समोरची चित्रकाच बदलायची, युद्धाला साजेसे नाव द्यायचे आणि ती नवी म्हणून विकायची, असा उद्योग सुरू केला. विल्यम्स यांनी पुढे काढलेल्या स्वतःच्या कंपनीचा आरंभही अशाच रूपांतरांनी झाला. आज पिनबॉलमधली सर्वांत मानाची मानली जाणारी ही कंपनी जुन्या यंत्रांच्या डागडुजीतून उभी राहिली, ही गोष्ट नव्या तंत्राने केलेल्या दुरुस्तीला सरसकट पाप मानणाऱ्यांनी लक्षात घेण्यासारखी आहे. तिची दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे: अशा प्रत्येक रूपांतरामागे युद्धपूर्व काळातले एक यंत्र कायमचे नाहीसे झाले, आणि ते मूळचे कसे होते हे सांगणारे त्याच्या पोटात काही उरले नाही.

युद्ध संपल्यावर १९४७ साली गॉटलीब कंपनीच्या ‘हम्प्टी डम्प्टी’ या यंत्रात हॅरी मॅब्स यांनी फ्लिपर आणले, म्हणजे बटण दाबताच उसळून गोळीला परत वर धाडणारे छोटे हात. या यंत्रात ते दोन्ही कडांना तीन-तीन असे सहा होते. पुढच्याच वर्षी जेन्को कंपनीच्या ‘ट्रिपल ॲक्शन’मध्ये स्टीव्ह कॉर्डेक यांनी फळ्याच्या तळाशी दोनच, पण जोरकस फ्लिपर ठेवले, आणि जुजबी फेरफार सोडता हीच रचना आजतागायत चालत आली आहे. इथून पुढची तीस वर्षे विद्युत-यांत्रिक पिनबॉलची होत. ‘विद्युत-यांत्रिक’ याचा अर्थ असा की यंत्रात वीज आहे, पण ट्रान्झिस्टर किंवा संगणक नाही. गुण मोजणे, खेळाडूची पाळी बदलणे, गोळ्यांचा हिशेब ठेवणे ही सारी कामे रिले (विजेने उघडझाप होणारे स्विच), दात्यांची चाके आणि एक मोटर यांच्याकडून करून घेतलेली असतात.

या रचनेतील बुद्धिमत्ता जवळून पाहण्यासारखी आहे. फ्लिपरच्या कॉइलमध्ये दोन वेटोळी असतात, एक जाड तारेचे आणि दुसरे बारीक तारेचे. बटण दाबले की आधी सारा प्रवाह जाड तारेतून धावतो आणि फ्लिपर पूर्ण जोराने उसळतो. तो वरच्या टोकाला पोहोचला की त्याच्याच दांड्याने एक पातळ पात्यांचा स्विच उघडला जातो, त्यामुळे बारीक तारेचे वेटोळे वाटेत येते, प्रवाह एकदम घटतो आणि फ्लिपरला नुसते वर धरून ठेवण्यापुरताच उरतो. हा स्विच वेळेवर उघडला नाही तर कॉइल तापून जळते. त्याची टोके काजळून नीट जुळेनाशी झाली तर फ्लिपर लुळा पडतो. जुने यंत्र ‘मरतुकडे’ वाटते त्याचे कारण बहुतेक वेळा एवढेच असते, आणि त्यासाठी नवे मंडल लागत नाही, कानस आणि धीर लागतो.

पेटीच्या तळाशी असलेली स्कोअर मोटर हे दुसरे असेच अंग होय. खेळाडूने पन्नास गुणांचे लक्ष्य टिपले की रिले ते लक्षात ठेवतो, मोटर फिरू लागते, तिच्या आसावरील खाचांच्या चकत्या स्विचना ओळीने पाच धक्के देतात आणि दहाचे चाक पाच घरे पुढे सरकते. प्रत्येक घराबरोबर धातूच्या पट्टीवर सोलेनॉइडचा एक टोला पडतो. दहा, शंभर आणि हजार यांच्या पट्ट्यांचे स्वर निराळे असतात, आणि फुकट खेळ मिळाला की पेटीच्या लाकडावरच एक सणसणीत ठोका बसतो. खेळाडू मान वर न करता नुसत्या कानाने गुण मोजू शकतो, कारण इथे आवाज म्हणजे मोजणीचे प्रत्यक्ष काम ऐकू येणे असते. ध्वनीच्या पुनर्बांधणीचा खरा प्रश्न इथेच आहे.

प्रकाशाची गोष्ट वेगळी. समोरची चित्रकाच, जिला बॅकग्लास म्हणतात, ती मागच्या बाजूने छापली जाई: काचेवर एकामागून एक रंग, त्यांवर उजेड पसरवणारा पांढरा थर आणि शेवटी, जिथून उजेड येऊ द्यायचा नाही तिथे, अपारदर्शक मुलामा. गॉटलीबच्या यंत्रांसाठी रॉय पार्कर यांनी काढलेल्या अशा चित्रांना आज स्वतंत्र कलामूल्य आहे. परंतु या काचेचा शत्रू तिच्याच पाठीमागे असे. या यंत्रांतला नेहमीचा ४४ क्रमांकाचा छोटा दिवा ६.३ व्होल्टवर पाव अँपिअर प्रवाह घेतो, म्हणजे सुमारे दीड वॅट. असे पन्नास दिवे बंद कप्प्यात तासन् तास जळत राहिले की सत्तर-ऐंशी वॅटची उष्णता तिथे कोंडते, काच रोज तापते आणि निवते, आणि तिच्यावरचा रंग सालपटासारखा सुटू लागतो. मालकांनी मागाहून ०.१५ अँपिअरचा ४७ क्रमांकाचा दिवा वापरायला सुरुवात केली ती उष्णता कमी करण्यासाठीच.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर मायक्रोप्रोसेसर स्वस्त झाला आणि रिलेंचे राज्य संपले. बॅलीने ‘फ्रीडम’ हे यंत्र विद्युत-यांत्रिक आणि इलेक्ट्रॉनिक अशा दोन्ही रूपांत काढले; १९७७ च्या ‘एट बॉल’ची २०,२३० यंत्रे तयार झाली; १९७९ साली विल्यम्स कंपनीचे ‘गॉर्गर’ सात शब्द बोलू लागले. पट्ट्यांचे टोले गेले, कर्णे आले. त्यानंतर व्हिडिओ गेमची लाट आली, पिनबॉल मागे पडले, १९९२ च्या ‘ॲडम्स फॅमिली’च्या २०,२७० यंत्रांनी पुन्हा उसळी घेतली, आणि तरीही १९९९ साली विल्यम्सने पिनबॉल बनवणे बंद केले. जुन्या यंत्रांचे सुटे भाग कारखान्यातून मिळण्याची वाट तिथे खुंटली, आणि दुरुस्तीचे काम हौशी कारागीर, छोटे उत्पादक आणि कॅलिफोर्नियातील अलामेडाच्या पॅसिफिक पिनबॉल म्युझियमसारख्या संस्था यांच्याकडे आले.

या कारागिरांना इलेक्ट्रॉनिक यंत्रांनी विद्युत-यांत्रिक यंत्रांपेक्षा अधिक छळले, हे नवख्याला खरे वाटणार नाही. बॅलीच्या मुख्य मंडलावर, उच्चांक आणि जमाखर्च स्मृतीत राहावा म्हणून, निकेल-कॅडमियमची बॅटरी डाखलेली असे. वर्षानुवर्षे पडून राहिल्यावर ती पाझरते, आणि तिच्यातला अल्कलीयुक्त द्रव तांब्याच्या रेषा आणि चिपची बैठक खाऊन टाकतो. विद्युत-यांत्रिक यंत्रातला काजळलेला स्विच घासून पुन्हा चालू होतो. कुजलेल्या मंडलाचे तसे होत नाही. अशा वेळी त्याच मापाचे, त्याच जोडण्यांचे आणि बॅटरीशिवाय स्मृती टिकवणारे नवे मंडल बसवणे हाच शहाणपणा होय, आणि त्याने यंत्राच्या स्वभावात तिळमात्रही फरक पडत नाही. काच तडकलेले, दीडशेहून अधिक व्होल्ट मागणारे जुने अंकदर्शक काढून त्यांच्या जागी नारिंगी एलईडीचे अंक बसवणे हेही त्यातलेच.

दिव्यांच्या बाबतीत मात्र ‘जुना काढला, नवा लावला’ एवढ्यावर काम भागत नाही. १९९३ साली शुजी नाकामुरा यांनी तेजस्वी निळा एलईडी सिद्ध केल्यावरच पांढरा एलईडी शक्य झाला, आणि त्याची उष्णता जुन्या दिव्याच्या मानाने नगण्य असल्यामुळे बॅकग्लाससाठी तो वरदानच ठरला. पण बॅलीच्या सुरुवातीच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांत दिवे पेटवण्याचे काम थायरिस्टर नावाचा घटक करतो. त्याचे वैशिष्ट्य असे की एकदा चालू केला की तो चालूच राहतो, मात्र त्यातून एका किमान मर्यादेपेक्षा जास्त प्रवाह वाहत असेल तरच. जुना दिवा भरपूर प्रवाह ओढत असल्याने ही अट आपोआप पुरी होई; एलईडी इतका थोडा प्रवाह घेतो की थायरिस्टर मध्येच सुटतो आणि दिवा थरथरू लागतो. म्हणून एलईडीच्या जोडीला एक रोधक लावून प्रवाह मुद्दाम वाढवावा लागतो. विद्युत-यांत्रिक यंत्रात एलईडी थेट ट्रान्सफॉर्मरच्या प्रत्यावर्ती विजेवर लावला तर तोही विजेच्या लयीत लुकलुकतो, आणि वेगाने धावणारी गोळी डोळ्याला तुटक दिसते. रंगाचाही विचार हवाच: निळसर पांढऱ्या उजेडात पार्कर यांचे पिवळे आणि तांबडे रंग आजारी दिसतात, कारण ते पिवळसर दिव्यासाठी निवडलेले होते. उबदार छटेचे, काचेआड मंद ठेवलेले एलईडी हीच इथे योग्य निवड ठरते. फळ्यावर इंद्रधनुष्य उधळणारी रोषणाई कितीही चमकली तरी चित्रकाराच्या कामावर अन्याय करते.

ध्वनीबाबत निवाडा अधिक कठोर असायला हवा. सत्तरीनंतरच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांत मुळातच कर्णा आहे, आणि त्याचा फाटलेला पडदा बदलून चांगला ध्वनिवर्धक दिला तर संगीतकाराने लिहिलेले सूर प्रथमच नीट ऐकू येतात. विद्युत-यांत्रिक यंत्रात मात्र पट्ट्या काढून त्यांच्या ध्वनिमुद्रणाचा कर्णा बसवणे म्हणजे कामाच्या जागी कामाचे सोंग आणणे होय. नवे आवाज हवेच असतील, तर रिलेच्या तारांना धक्का न लावता, प्रकाशाच्या दुव्याने त्यांची हालचाल नुसती टिपणारे छोटे मंडल वेगळ्या वीजपुरवठ्यावर जोडता येते. पट्ट्या वाजतच राहतात आणि नवा ध्वनी एका बटणाने बंद करता येतो.

राहिला प्रश्न संपूर्ण रूपांतराचा, म्हणजे सारे रिले आणि तारा उपसून टाकून त्यांच्या जागी मायक्रोकंट्रोलर बसवण्याचा. त्यात फ्लिपरचे ते दोन वेटोळ्यांचे गणित संगणकाकडे जाते: काही सहस्रांश सेकंद पूर्ण प्रवाह आणि मग तुटक तुटक स्पंदने. हे काम कौशल्याचे आहे, आणि पुरात बुडालेल्या, उंदरांनी कुरतडलेल्या किंवा आधीच तारा कापून नेलेल्या पेटीला त्याने दुसरे आयुष्य मिळते. परंतु ज्या यंत्राचे रिले शाबूत आहेत, त्यात हे करणे म्हणजे युद्धकाळातली तीच हानी पुन्हा करणे आहे, आणि या वेळी टंचाईची सबबही नाही.

भारतात असे यंत्र आणणाऱ्याने एवढे जाणून असावे की अमेरिकन यंत्राचा ट्रान्सफॉर्मर ११० ते १२० व्होल्टसाठी बांधलेला असतो, त्यामुळे इथल्या २३० व्होल्टला ते सरळ जोडले तर पहिल्याच क्षणी जळेल. आणि योग्य ट्रान्सफॉर्मर लावला तरी ६० ऐवजी ५० हर्ट्झच्या विजेवर स्कोअर मोटर मूळ गतीपेक्षा मंद फिरेल. शिकागोचे कारखानदार वीजमंडलाचा नकाशा घडी घालून पेटीतच ठेवत असत. दुरुस्ती करणाऱ्यानेही काढलेला प्रत्येक मूळ भाग, मग तो जळका असो की गंजका, पिशवीत घालून, कुठून काढला आणि जागी काय बसवले याच्या चिठ्ठीसह त्याच नकाशाशेजारी ठेवून द्यावा.